गुण हातात, प्रवेश अटीवर

'अनकंडिशनल ऑफर' हे शब्द गडचिरोलीच्या मुलाच्या कानावर पहिल्यांदा पडतात ते बहुधा शिष्यवृत्तीच्या जाहिरातीतून. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी ७५ जणांना ती मिळते. अर्जासोबत परदेशी विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र जोडावं लागतं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीलाही तेच लागतं. हुशार मुलगा तिथेच थबकतो. त्याच्याकडे विद्यापीठाचं पत्र असतं, पण त्यात लिहिलेलं असतं की शेवटच्या वर्षाचा निकाल आणा, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण आणा, मग प्रवेश पक्का.

अट नसलेला प्रवेश म्हणजे नेमकं काय? तो कुणाला मिळतो आणि का मिळतो? चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगलजिल्ह्यांतल्या मुलाला तो, परदेशाचं सोडा, आपल्या राज्यात तरी मिळतो का? हे प्रश्न मी एकत्र मांडतो आहे, कारण मला त्यांचं मूळ एकच दिसतं.

स्कॉटलंडची रीत

विनाअट प्रवेशाची रीत सगळ्यात स्वच्छ दिसते ती स्कॉटलंडच्या शाळांत. तिथे माध्यमिक शाळेच्या पाचव्या वर्षी, सोळाव्या-सतराव्या वर्षी, मुलं 'हायर' नावाच्या परीक्षा देतात. निकाल ऑगस्टमध्ये लागतो. विद्यापीठाचा अर्ज मात्र त्यापुढच्या, सहाव्या वर्षी भरायचा असतो. म्हणजे अर्ज भरताना मुलाचे मुख्य गुण आधीच छापून आलेले असतात. विद्यापीठाला हवे तेवढे गुण त्यात असले तर ते थेट कळवू शकतं की तुझी जागा पक्की, आता कोणतीही अट नाही. वैद्यकीयसारख्या चुरशीच्या अभ्यासक्रमांना सहाव्या वर्षाच्या निकालाचीही अट घातली जाते, पण पाया तोच राहतो. आधी गुण, मग अर्ज.

इंग्लंडमध्ये उलटं आहे. तिथल्या मुलांचा 'ए लेव्हल'चा निकाल लागतो अर्जानंतर, ऑगस्टमध्ये. म्हणून शिक्षक अंदाजाने गुण लिहून देतात आणि विद्यापीठ त्या अंदाजावर सशर्त प्रवेश देतं. मधल्या काळात काही विद्यापीठांनी विद्यार्थी ओढण्यासाठी निकालाची वाट न पाहता विनाअट प्रवेश वाटायला सुरुवात केली. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या अठरा वर्षांच्या मुलांना २०१३ मध्ये असे सुमारे तीन हजार प्रवेश देऊ केले गेले होते. २०१८ मध्ये तो आकडा ६७ हजारांवर गेला. जागा पक्की झालेली मुलं अभ्यासात ढिली पडतात अशी ओरड झाली आणि नियामकांना लगाम घालावा लागला.

या दोन रीतींतून एक गोष्ट समजून घ्यावी. स्कॉटलंडच्या मुलाला मिळणारा विनाअट प्रवेश ही विद्यापीठाची कृपा नसते. ज्याची अट घालायची ते अर्जाआधीच मुलाच्या हातात असतं, एवढंच त्याचं कारण. खरा फरक वेळेचा आहे.

चांद्याहून बाहेर पडण्याची वाट

स्कॉटलंडचं आणि या भागाचं नातं तसं जुनं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये सुरू झालं आणि त्याला नाव मिळालं ते स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचं. मध्य प्रांतातल्या आदिवासी जमातींवर त्याने जमवलेली टिपणं त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने प्रसिद्ध केली. खुद्द चांद्यातही, म्हणजे आजच्या चंद्रपुरातही, स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन होतं. कॉलेज शिकायचं तर चांद्याच्या मुलाला नागपूरच गाठावं लागे. नागपूर विद्यापीठ स्थापन झालं १९२३ मध्ये.

त्या वाटेवरून काही जण फार पुढे गेले. चंद्रपूरचे राजाभाऊ खोब्रागडे लंडनहून बॅरिस्टर होऊन आले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते झालेल्या धम्मदीक्षेच्या सोहळ्यामागे त्यांची मेहनत होती, आणि पुढे ते राज्यसभेचे उपसभापती झाले. अलीकडचं उदाहरण कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीच्या भास्कर हलामींचं. लहानपणी घरात धान्य नसायचं तेव्हा मोहफुलं शिजवून खाऊन दिवस काढले, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. कसनसूरची आश्रमशाळा, मग यवतमाळ, गडचिरोलीचं कॉलेज, नागपूरची विज्ञान संस्था आणि तिथून अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीची पीएच.डी. आज ते अमेरिकेत औषध-संशोधनात आहेत.

आता घराजवळही सोय झाली आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून दोन्ही जिल्हे काढून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि गडचिरोलीला २०२४ मध्ये मिळालं. दारं वाढली हे खरं. दारातली अट मात्र तीच राहिली.

पिशवीतले कागद

आपल्याकडे गुणांच्या बाबतीत स्कॉटलंडसारखीच सोय आहे, किंबहुना अधिक चोख. नागपूर विभागीय मंडळाचा बारावीचा निकाल आधी लागतो आणि प्रवेशाच्या फेऱ्या नंतर सुरू होतात. सीईटी असो की नीट, गुण कळल्यावरच महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा. अंदाजाच्या गुणांवर आपल्याकडे कुणाला जागा मिळत नाही. त्या हिशेबाने आपल्या प्रत्येक मुलाचा प्रवेश विनाअट असायला हवा होता.

तसं होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, जिवती इथून प्रवेशाला निघालेल्या मुलीच्या हातातली प्लास्टिकची पिशवी उघडून पाहावी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला. इतर मागासवर्गीय असली तर नॉन-क्रिमिलेअर. आणि या सगळ्यांच्या वर, चार घड्या घातलेली एक पावती. जातीचा दाखला खरा असल्याचं सांगणाऱ्या जात वैधता प्रमाणपत्रासाठी पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती. मुलांच्या बोलण्यात तिचं नाव 'व्हॅलिडिटीची पावती'. त्या पावतीच्या जोरावर मुलगी हमीपत्र लिहून देते की ठरल्या मुदतीत प्रमाणपत्र आणीन, न आणल्यास राखीव जागेवरचा हक्क सोडीन. यादीत तिच्या नावापुढे लागतं 'तात्पुरता प्रवेश'.

वैद्यकीयच्या राखीव जागेवर तर पावतीचाही आधार तोकडा पडतो, प्रमाणपत्रच लागतं. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुदत चुकली की जागा खुल्या प्रवर्गात जाते आणि फीही खुल्या प्रवर्गाची होते. साध्या बी.ए., बी.एस्सी.च्या प्रवेशाला व्हॅलिडिटीवाचून सहसा अडत नाही. ही सोय वाटते, पण तिचा परिणाम उलटा होतो. नीट-सीईटीचे गुण बरे असूनही कागदाच्या धास्तीने मूल सोपी वाट धरतं, आणि पुढे कुठल्याच यादीत हे नुकसान दिसत नाही. त्याने अर्जच केलेला नसतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. इंग्लंडच्या मुलाला अट असते गुणांची, ती तो अभ्यासाने पुरी करू शकतो. आमच्या मुलाला अट असते कागदाची. तो कागद दुसऱ्याच्या टेबलावर असतो आणि कितीही अभ्यास केला तरी हलत नाही.

ही अट आली कुठून

ही अट विनाकारण आलेली नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. राखीव जागा खोट्या दाखल्यांवर लाटल्या गेल्या आणि त्यात सगळ्यात जास्त नुकसान झालं ते खऱ्या आदिवासी मुलांचं. २ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुमारी माधुरी पाटील खटल्यात पडताळणी समित्यांची सगळी रचना घालून दिली. तो खटलाही वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय प्रवेशाचाच होता. पुढे महाराष्ट्राने त्यासाठी कायदा केला, जो २००१ मध्ये अमलात आला. दाखला खरा असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी या कायद्याने अर्जदारावर टाकली.

त्या निकालातल्या दोन सूचना आज कुणी फारशा वाचत नाही. पहिली अशी की पडताळणीचा अर्ज प्रवेशाच्या किमान सहा महिने आधी करावा. दुसरी अशी की चौकशी शक्यतो दररोज चालवून दोन महिन्यांत संपवावी. तरीही उशीर झाला आणि प्रवेशाची मुदत संपत आली, तर चौकशीच्या निकालाच्या अधीन राहून तात्पुरता प्रवेश द्यावा. म्हणजे 'तात्पुरता प्रवेश' हा न्यायालयाने अपवाद म्हणून सुचवला होता. आपण त्याचा नियम करून टाकला.

अट लांबली की काय होतं याचं मोठं उदाहरण विदर्भातलंच आहे. हलबा-कोष्टी समाजातल्या एका विद्यार्थ्याने १९८५-८६ मध्ये अनुसूचित जमातीच्या जागेवर वैद्यकीय प्रवेश घेतला. त्याच्या दाव्याचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला तो नोव्हेंबर २००० मध्ये, दाव्याच्या विरोधात. तोवर तो डॉक्टर होऊन गेला होता. न्यायालयाने पदवी काढून घेतली नाही, पण यापुढे जमातीचा लाभ मिळणार नाही असं बजावलं. म्हणजे प्रवेश खरा की खोटा हे ठरायला सुमारे पंधरा वर्षं गेली. त्या जागेवर हक्क असलेला कुणीतरी दुसरा मुलगा त्या वर्षी घरी परतला असणार. उशीर दोन्ही बाजूंनी अन्याय करतो. खऱ्याला ताटकळत ठेवतो आणि खोट्याला पदवीपर्यंत पोचवतो.

जंगलातल्या नोंदी

पडताळणीत पुरावा लागतो तो जुन्या तारखेआधीचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांपूर्वीची वडील-आजोबांच्या जातीची नोंद दाखवायची. शाळेचं दाखलखारीज रजिस्टर, कोतवाल पंजीतली जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचे जुने कागद.

पुण्या-नाशकाकडे आजोबांच्या शाळेचं रजिस्टर निघण्याची आशा तरी असते. भामरागडच्या माडिया कुटुंबात १९५० च्या आधी शाळेत गेलेला माणूस शोधायचा कुठे? हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला २३ डिसेंबर १९७३ रोजी आणि तिथली शाळा त्यानंतर. त्या मुलखातल्या कित्येक घरांत पहिली अक्षरं गिरवली गेली ती त्याच पिढीत. जमिनीचे कागद म्हणावे तर अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्यांचा हा प्रदेश, जमीनदाऱ्या मोडल्या १९५१ मध्ये. शिवाय तेव्हाचा चांदा जिल्हा होता मध्य प्रदेशात. तो मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे ज्या काळातला कागद मागितला जातो, त्या काळात या भागाचं राज्यच वेगळं होतं.

नावांचा घोळ तर विचारूच नका. एकाच घरात एका कागदावर 'गोंड', दुसऱ्यावर 'माडिया', तिसऱ्यावर 'राजगोंड'. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक तर चालता चालता पडलेला. चिमूर, सिंदेवाही, चामोर्शी या पट्ट्यातल्या माना समाजाला तर आपण स्वतंत्र जमात आहोत की नाही यासाठीच सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. मार्च २००६ च्या निकालाने तो हक्क मान्य झाला. चामोर्शी-मुलचेरा भागात पुनर्वसित झालेल्या बंगाली कुटुंबांचा प्रश्न आणखी निराळा. त्यांचा नमःशूद्र समाज पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या नाही.

कागद पुरे पडले नाहीत की दक्षता पथकाची चौकशी. कुलदैवत कोणतं, लग्नात काय करता, मृताला पुरता की जाळता, बोली कोणती. यालाच 'आप्तभाव चाचणी' म्हणतात. सहाव्या वर्षी आश्रमशाळेत घातलेल्या, बारा वर्षं वसतिगृहात वाढलेल्या मुलाला गावच्या विधींचे बारकावे कुठून ठाऊक असणार? शिकवायचं मराठीत, राहायचं वसतिगृहात आणि परीक्षा घ्यायची आजीच्या रीतींची. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही, सगळे पुरावे मिळून निर्णय करावा. हा निकाल प्रत्येक आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकाला माहीत असला पाहिजे.

आणि हे सगळं येतं ऐन पावसाळ्यात. प्रवेशाच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टच्या. वर्षानुवर्षं त्याच दिवसांत पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद होत आला. गडचिरोलीच्या समितीपुढे कागद दाखवायचा असतो आणि मुलगी नदीच्या पलीकडे असते.

परदेशाची वाट

आता पुन्हा त्या शिष्यवृत्तीच्या जाहिरातीकडे. ब्रिटनला पदव्युत्तर शिक्षणासाठी जायचं तर शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करतात, म्हणून पत्र येतं सशर्त. अटी पुऱ्या झाल्यावरच विद्यापीठ व्हिसासाठी लागणारा क्रमांक देतं. आमच्या मुलांचं अडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, अंतिम वर्षाची गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट वेळेत मिळणं. ज्यांची पदवी २०११ च्या आधीची त्यांना त्यासाठी नागपूर गाठावं लागतं. दुसरं, इंग्रजीची परीक्षा, जिची फी मजुरी करणाऱ्या घराला पेलत नाही. तिसरं, पुन्हा तीच व्हॅलिडिटी.

केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाच्या परदेश शिष्यवृत्तीच्या वर्षाला २० जागा असतात. त्यातल्या ३ अति असुरक्षित आदिम जमातींसाठी राखीव. महाराष्ट्रात अशा जमाती तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. यातल्या दोन आमच्याच दोन जिल्ह्यांत आहेत, कोलाम जिवती-राजुरा-कोरपन्याकडे आणि माडिया भामरागड-एटापल्लीकडे. साऱ्या देशासाठी तीन जागा, हे प्रमाण फार तोकडं आहे आणि ते वाढलं पाहिजे. पण ज्या तीन आहेत त्यांसाठी तरी आमच्या मुलांचा अर्ज कागदांसह तयार असावा.

इथे एक सावधगिरीचा शब्द. विनाअट पत्र म्हणजे चांगलं विद्यापीठ, असं समीकरण कुणी मनात धरू नये. पैसे भरणारा विद्यार्थी मिळावा म्हणून सहज पत्र देणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांच्यासाठी काम करणारे दलालही आहेत. शिष्यवृत्तीच्या नियमांत बसणारी विद्यापीठं आधी पाहावीत, पत्र नंतर.

काय बदलता येईल

निराश होण्याचं कारण नाही. वडील, सख्खे काका, भाऊ-बहीण यांपैकी कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असलं तर त्याच घरातल्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायला लावू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने अपूर्वा निचळे प्रकरणात २०१० मध्येच सांगितलं. त्यामुळे एका मुलाची व्हॅलिडिटी झाली की साऱ्या भावकीची वाट सोपी होते. गावातल्या पहिल्या मुलामागे म्हणूनच साऱ्यांनी उभं राहावं. महाविद्यालयातच शिबिर लावून अर्ज भरून घ्यायचा 'मंडणगड पॅटर्न' राज्यात गाजला. तो कोकणात जमतो तर कोरचीत, धानोऱ्यात, जिवतीत का जमू नये?

सरकारकडून तीन गोष्टी हव्यात. १९५० च्या आधीच्या कोतवाल पंजी, शाळांची रजिस्टरं आणि जमिनीचे अभिलेख गावनिहाय छायांकित करून खुले करावेत, म्हणजे प्रत्येक घराला स्वतंत्र शोध घ्यावा लागणार नाही. जिथे त्या काळी शाळाच नव्हती तिथे शाळेचा कागद नाही म्हणून अर्ज अडवू नये. आणि समितीने दोन महिन्यांची मर्यादा स्वतःवर बंधनकारक मानावी. मुदत चुकवल्याची शिक्षा आज फक्त मुलाला होते.

बाकीचं आपल्या हातात आहे. पडताळणी बंद करा असं मी म्हणणार नाही, तिच्याशिवाय खऱ्या आदिवासी मुलाच्या जागेला राखण उरणार नाही. मागणं एवढंच आहे की ती वेळेवर व्हावी. स्कॉटलंडचं मूल अर्ज करतं तेव्हा त्याच्या हातात पाचव्या वर्षाचा निकाल असतो, म्हणून त्याला विनाअट प्रवेश मिळतो. आमच्या मुलाच्या हातात बारावीच्या परीक्षेआधी व्हॅलिडिटी असली तर त्यालाही 'तात्पुरता' हा शब्द न लागता प्रवेश मिळेल. अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांचे अर्ज महाविद्यालयामार्फतच जातात. वर्षभर हाताशी असतं, आणि पावसाळा सोडला तर सगळे रस्तेही खुले असतात.

म्हणून मुख्याध्यापकांना, प्राचार्यांना, वसतिगृहाच्या गृहपालांना आणि गावातल्या शिकल्यासवरल्या प्रत्येकाला विनंती आहे. मूल अकरावीला दाखल झालं की त्याच आठवड्यात त्याच्या वडिलांना आणि आजोबांना बोलवा, वंशावळ लिहून काढा आणि व्हॅलिडिटीचा अर्ज भरा. शिकवणी, क्रमिक पुस्तकं, चाचण्या हे सगळं त्यानंतर.